चोपन्नावी चिठ्ठी

"चिठ्ठी आली की त्याच संध्याकाळी उघडायची, ह्युबर्ट. आकडा भरला की मध्ये रात्र जाऊ द्यायची नाही. दे वचन."

म्हातारा क्रॉसफील्ड इस्पितळातल्या खाटेवरून हे बोलला त्याला सहा वर्षं झाली. सर ह्युबर्ट लेसींनी त्याचा हात हातात घेऊन वचन दिलं होतं. आज गुरुवार. सोमवारी दुपारी दाराखालून आत सरकलेलं खाकी पाकीट अजून त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. न उघडलेलं.

क्रॉसफील्डनंतर तेच सत्ताधारी पक्षाच्या खासदारांच्या समितीचे अध्यक्ष झाले. पक्षाच्या ज्या कुणा खासदाराचा पंतप्रधानांवरचा विश्वास उडाला असेल, त्याने तसं लिहून, सही करून त्यांच्याकडे द्यायचं. चोपन्न चिठ्ठ्या झाल्या की पंतप्रधानांना ठेवायचं की काढायचं, याचं मतदान. किती आल्या, कुणाच्या आल्या, हे एकट्या ह्युबर्टना ठाऊक. कपाटात त्रेपन्न होत्या.

उघडली की मोजावी लागणार. म्हणून त्यांनी ती उघडलीच नव्हती.

दार न वाजवता नॉर्मन गेज आत आला. हा पक्षाचा प्रतोद, खासदारांना हाकून मतदानाला नेणारा.

"सातवा गेला! शेतीखातं. सकाळपासून सात मंत्री. चहाच्या सुट्टीपर्यंत ऑल आऊट होतोय आपण."

"चहा घेणार का?"

"चहा नको, आकडा सांगा."

"चहाच आहे."

"काय पोट आहे हो तुमचं, सर ह्युबर्ट! उद्या डॉक्टरांनी फाडलं तर आत नुसत्या चिठ्ठ्या निघतील."

ह्युबर्ट हसले खरे, पण हात आपसूक छातीवरच्या खिशाकडे गेला.

चार वाजता फिलिपा थॉर्नली आली. पंतप्रधान झाली तरी त्यांच्याकडे ती एकटीच यायची. वीस वर्षांपूर्वी तिच्या पहिल्या निवडणुकीत ते तिला घेऊन दारोदार फिरले होते. तिच्या कोटाचं तुटलेलं बटण ह्युबर्टच्या बायकोने लावून दिलं होतं. बायको गेली, पोरबाळ नव्हतं. आपलं म्हणावं अशी ही एकटीच.

तिनेच किटली उचलली. "साखर?"

"ईस्टरपर्यंत नाही."

"तुमचे उपासाचे नेम! एक वेळ चर्चची घंटा चुकेल, तुम्ही चुकायचे नाही."

ह्युबर्टनी बिनसाखरेचा कप पुढे ओढला. चिमूटभर साखरेचा नेम पाळायचा आणि मरणाऱ्याला दिलेलं वचन खिशात घालून हिंडायचं.

"गॅरेथच्या बायकोला भेटून आले," फिलिपा म्हणाली. "मुलं शाळेत जात नाहीत. तुमच्या बापाने माणसं बुडवली, म्हणून पोरं चिडवतात."

हॅल्सबी गावात नदी शिरली, दोन म्हातारे बुडाले. पुराचा इशारा आपल्यापर्यंत पोचलाच नव्हता, असं फिलिपाने भर सभागृहात सांगितलं होतं. मग मंगळवारी सकाळी तिचा राज्यमंत्री गॅरेथ प्रोथेरो उठला. कागद माझ्याच टेबलावर राहिला, म्हणाला, आणि राजीनामा देऊन घरी गेला. ते कुणालाच पटलं नाही. आणि आज सकाळपासून मंत्र्यांची गळती लागली होती.

"हे इथवर यायलाच नको होतं," ती खाली बघत म्हणाली. "मला वाटलं होतं, सोमवारीच काय तो निकाल लागेल."

"लागेल. जरा धीर धर."

"ह्युबर्ट, तुमच्याकडे आलेली प्रत्येक चिठ्ठी मोजली जाते ना?"

"आकडा विचारू नकोस, बाई."

"आकडा नाही विचारत. मोजली जाते ना, एवढंच सांगा."

"जाते," ह्युबर्ट म्हणाले. या खुर्चीवर बसून बोललेलं हे त्यांचं पहिलं खोटं.

"म्हणजे अजून भरल्या नाहीत तर." तिचे खांदे खाली आले. पोरीचा जीव भांड्यात पडला, असं त्यांना वाटलं. तिने कप नीट बशीत ठेवला. दाराशी जाऊन वळली. "तुमच्यावर फार भरवसा आहे माझा."

ती गेल्यावर ह्युबर्टनी तिचा कप उचलून बाजूला ठेवला. तिला वाचवली, असं मनाशी म्हणून पाहिलं, पण समाधान होईना. गॅरेथची पोरं डोळ्यांपुढून हलेनात. आपल्या एका माणसाच्या मायेपायी आपण त्रेपन्न जणांना फसवलं, आणि त्या क्रॉसफील्डलाही.

पाचचे टोले पडले.

त्यांनी पाकीट बाहेर काढलं. अंगाच्या उबेने त्याचे कोपरे मऊ पडले होते. मतदानाची नोटीस लिहून त्यांनी घडी केली, काठी घेतली आणि दार हळूच ओढून घेतलं. आधी तिच्याकडे जायचं, खोटं बोललो ते सांगायचं, क्षमा मागायची. मग नोटीस लावायची. चिठ्ठी मोजण्याआधी वाचायला हवी, म्हणून बोळातल्या दिव्याखाली थांबून त्यांनी अंगठ्याने पाकीट फाडलं.

तारीख सोमवारची होती.

"हॅल्सबीचा इशारा मी वाचला होता. सभागृहात उभं राहून ते कबूल करायची हिंमत माझ्यात नाही. राजीनामा देऊन गेले तर लोक मानाने निरोप देतील, तो मान माझा नव्हे. मला काढलंच पाहिजे. उद्या सकाळी गॅरेथ सगळं स्वतःवर घेणार आहे, म्हणून ही चिठ्ठी आजच्या आज मोजा. फिलिपा थॉर्नली, खासदार."