शत्रूचं पान

दहाव्याचा पिंड नदीकाठी ठेवला होता. ऊन डोक्यावर आलं, तरी कावळा शिवेना. लेकाने आणि सुनेने वचनं देऊन पाहिली.

"दाजी, आता तुम्ही बोला की! अक्काचा जीव कशात अडकलाय?" मेहुणी रडवेली झाली.

सुभेदारांना ठाऊक होतं. युद्धात लांबून नेम धरून माणसं टिपण्यात त्यांचं मोठं नाव झालं होतं. त्या माणसांसाठी बायको दर पितृपंधरवड्यात एक पान वेगळं वाढायची. सुभेदार ते उधळून द्यायचे. "शत्रूला कसलं जेवण घालतेस गं?"

शेवटी त्यांनी हात जोडले. "त्यांचं पान आता मी वाढीन."

लगेच एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. त्याच्यामागून दुसरा आला, तिसरा आला, मग ते उतरतच राहिले.

सुभेदारांची मान वर होईना.