चांदपाशा क्लबचं बारसं

"भारत, बोर्ड काढून राह्यले!" संघपाल ओरडतच पंक्चरच्या दुकानात शिरला.

भारत हातातली ट्यूब टाकून पळाला. आष्टीच्या मैदानाच्या फाटकावर दोघं जण शिडी लावून चढले होते. 'चांदपाशा फुटबॉल क्लब' ही पाटी एका खिळ्यावर लोंबकळत होती. खाली राधेश्याम शेठ गाडीला टेकून उभे होते.

मैदानाची जमीन शेठची, म्हणून क्लबचे मालकही शेठच. पोरांनी घाम गाळून नाव कमवायचं आणि यांनी आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं.

"यंदापासून आपला क्लब 'शेठ हरखचंद फुटबॉल क्लब'," शेठ म्हणाले. "आमच्या वडलांचं नाव. जिंकणाऱ्या टीमला मोठ्या माणसाचं नाव पाहिजे का न्हाई?"

भारतच्या डोक्यात तिडीक गेली. चांदपाशाला याच मैदानाच्या कडेला साप चावला, तेव्हा हरखचंदची जीप फाटकाशीच उभी होती. तोंडाला फेस आलेला पोरगा आत घेतला तर गाडी खराब होईल, असं म्हणून म्हाताऱ्यानं जीप दिली नाही. दुसरं वाहन येईपर्यंत चांदपाशा भारतच्या मांडीवर गेला. लहानपणापासून एका ताटात जेवलेले दोघं. त्यानंतरच पोरांनी क्लबला त्याचं नाव दिलं होतं. हरखचंद पुढे सुखानं अंथरुणात मेला, याचा भारतला अजूनही राग येई.

संध्याकाळी सगळे दुकानापुढे जमले.

"खेळायचंच न्हाई," संघपाल म्हणाला. "बिना टीमचा मालक होऊ दे त्याला."

"अन् मंग? तो जालन्याहून भाड्याची पोरं आणंल," वसंता म्हणाला. तो बॅकला खेळायचा आणि त्याचं डोकं लवकर तापायचं. "नवा बोर्ड लागला की जाळून टाकू."

"बोर्ड काय जाळतो? त्याची कापसाची जिनिंगच जाळतो मी," भारत म्हणाला. त्या घटकेला त्यानं ती जाळलीही असती.

गावाला या नावाचं मोल माहीत होतं. आष्टीत शिमग्याला आसपासच्या गावांचे सामने होतात आणि धुळवडीला फायनल. जो क्लब फायनल हरेल, त्याच्या नावाची तिरडी निघते. जिंकणारे कडब्याचं मढं बांधतात, त्यावर हरलेल्यांच्या नावाचं कापड लावतात आणि भर बाजारातून बोंबा मारत, शिव्या घालत नेऊन होळीच्या राखेत टाकतात. शिमगाच तो, कुणी राग धरत नाही.

भारत गोलकीपर. दोस्ताला एकदा खांद्यावरून नेलं तेवढं पुरे, त्याचं नाव तिरडीवर जाऊ द्यायचं नाही, ही त्याची शपथ. त्या जिद्दीवर क्लब एकही फायनल हरला नव्हता. शेठला भुरळ पडली होती ती याच गोष्टीची.

"इमामबी चाचीला फाटकात बसवू," संघपालला सुचलं. "चांदपाशाची माय पुढं बसल्यावर शेठची काय बिशाद!"

इमामबी ओट्यावर मिरच्यांची देठं काढत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"ठेवू द्या त्याला बापाचं नाव," ती म्हणाली.

"चाची! त्या हरखचंदचं?"

"त्याचंच. भांडू नका, अन् टीम बिलकुल सोडू नका. जल्दी घरी जा आता."

भारतला वाटलं, म्हातारी खचली. पण नव्या नावाच्या समारंभाला ती चक्क बाजारातल्या स्टेजवर दिसली. शेठनं घातलेली शाल तिनं अंगावर घेतली आणि माईकवर म्हणाली, "शेठ, नाव मोठ्या अक्षरात टाका. साऱ्या बाजाराला वाचता आलं पाहिजे." शेठचे डोळे भरून आले.

"मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लं हिनं," संघपाल थुंकला. त्या दिवसापासून भारतनं इमामबीच्या गल्लीनं जाणं सोडलं.

खेळणं मात्र सुटलं नाही. छातीवर 'हरखचंद' लिहिलेली जर्सी अंगाला खाजकुयलीसारखी लागायची. पोटातली आग त्यानं बॉलवर काढली, आणि क्लब फायनलला पोचला.

समोर वाटूरची टीम होती. एक-एक गोल झाला होता आणि सामना संपत आला होता. दोन्ही गावांचे लोक रिवाजाप्रमाणे बांबू-कडबा घेऊन तयारीत होते. अशात वसंताच्या हाताला बॉल लागला आणि वाटूरला पेनल्टी मिळाली.

शेठ खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत. गोलमध्ये भारत होता ना.

वाटूरच्या माऊलीनं बॉल ठेवला. माऊली डावीकडे बघतो आणि उजवीकडे मारतो, हे भारतला पाठ होतं. हा बॉल तो डोळे मिटून अडवणार होता.

"बेटा," जाळीमागून हाक आली.

त्यानं मान वळवली. इमामबी उभी होती. पोरगा गेल्यापासून तिनं या मैदानात पाऊल टाकलं नव्हतं.

"जा चाची," तो दात खाऊन म्हणाला. "तुमच्या शेठची इज्जत वाचवून राह्यलो मी."

इमामबी जाळीला अगदी चिकटली.

"आज तुझ्या छातीवर माझं पोरगं न्हाई," ती म्हणाली. "बॉल जाऊ दे."