धुतलेला दुपट्टा

एचआयव्हीच्या औषधकेंद्रात समुपदेशक वंदना प्रत्येक पेशंटला दर महिन्याला टीबीचे चार प्रश्न विचारायची: खोकला, ताप, घटतं वजन, रात्रीचा घाम. “मशीन नाही, पैसा नाही, फक्त खरं उत्तर लागते,” ती म्हणायची. तिचा नवरा प्रेमानंदही तिथलाच पेशंट. तो हसत चारदा “नाही” म्हणायचा. वाडीच्या गोदामात पोती उचलणारा हा माणूस तोंडाला बांधायचा आपला दुपट्टा स्वतःच धुतो, हे ती मैत्रिणींत मिरवायची. आज दोरीवरच्या त्याच दुपट्ट्यावर तिला रक्ताचा पुसट डाग दिसला. “काहून लपवलं जी?” ती कडाडली. “खोकला समजला असता तर गोदामातून काढलं असतं वं.” “आन् माह्या टेबलासमोर बसून खोटं बोलले?” तिनं घाबरून लेकीला जवळ ओढून विचारलं, “बेटा, तुले खोकला येते?” पोरीनं बापाकडं पाहिलं, शाळेचा दुपट्टा तोंडावर दाबला आणि हसत म्हणाली, “नाही.”