चार सारखे भाग

पडद्यावर आकडा उमटला. अडतीस. शंभरापैकी.

यामिलानं लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, पण तिच्या आजोबांनी, वाल्देमारनं, तो धरून ठेवला. पोरीनं मिनिटभर एक कळ ठोकली होती, चिकोच्या ठेक्यात. चिको म्हणजे रस्त्यावरच्या ढोलपथकातल्या तीन जातींच्या ढोलांमधला धाकटा. मात्रेचे चार सारखे भाग, पहिला रिकामा, पुढच्या तिन्हींवर ठोका. मिर्ता बाई दूर ताकुआरेम्बोहून, पडद्यावरून, अपूर्णांक शिकवायच्या ते असे ढोलावरून. ठोके मोजायचं काम यंत्राचं. साठच्या खाली गेलं की नापास, आणि ही वर्षातली शेवटची परीक्षा. म्हणजे यामिला पुन्हा त्याच वर्गात.

वाल्देमारला नापास होण्याचं एवढं काही नव्हतं. तो स्वतः तिसरीतच शाळेला रामराम ठोकून मोकळा झाला होता. पण कुआरेइम गल्लीत ज्यानं चाळीस-पंचेचाळीस वर्षं चिको वाजवला, त्याच्या घरात चिकोला अडतीस? गल्लीत तोंड कुठं दाखवायचं?

"बाई, तुमचं यंत्र बहिरं आहे," तो पडद्याला म्हणाला.

"यंत्र कुणाची बाजू घेत नाही, आजोबा. पाव म्हणजे पाव. चारही भाग सारखे हवेत."

"सरक गं," तो नातीला म्हणाला. त्यानं बाह्या वर केल्या आणि स्वतः मिनिटभर कळ ठोकली.

एक्केचाळीस.

वर्गातली पोरं आपापल्या चौकटीत फिदीफिदी हसली. ओट्यापाशी त्याची बायको ओफेलियाही हसली. तारीख एकोणतीस, आणि दर महिन्याच्या एकोणतीसला रिवाजानं घरोघरी न्योकी व्हायची. ती बटाट्याच्या कणकेचे तुकडे पाडत होती.

"तीन गुणांनी पुढे आहेस, म्हाताऱ्या," ती म्हणाली. "मिरवणूक काढू?"

"चारही भाग सारखे पडले असते ना बाई," वाल्देमार तापून म्हणाला, "तर या गल्लीत एक माणूस नाचला नसता. तुमच्या घड्याळावर नाचतं का कुणी?"

बाई हट्टी होत्या, पण आकड्यांशी प्रामाणिक. त्यांनी पोरांचे आवाज बंद केले आणि आजोबा-नातीचे ठोके रेषांवर एकाखाली एक मांडले. मग त्या एकेक मात्रा मोजत गेल्या.

"थांबा," शेवटी त्या म्हणाल्या. "यामिला दुसऱ्या ठोक्याला उशीर करते. पण दर वेळी तेवढाच. शंभरावर मात्रा झाल्या, आणि उशीर तोच. शंभर वेळा एकसारखी होते तिला चूक कशी म्हणू? हा वेगळाच अपूर्णांक आहे. पाव नव्हे, पावाहून जरासा मोठा. पट्टी माझीच चुकली." त्यांनी अडतीस खोडून नव्वद लिहिले. "वह्या काढा रे. हा भाग नेमका किती, ते आता आपण काढायचं."

यामिला पास झाली. वाल्देमारची छाती फुगली.

"रक्त आहे, बाई," तो म्हणाला. "पोरीनं ढोलाला कधी हात लावलेला नाही. मी लावूच दिला नाही. ढोल पुरुषांचा, बायकांनी नाचायचं. तरी बघा, माझा हात तिच्यात उतरलाच."

"नाही, आजोबा. तुमची रेषा वेगळी आहे. तुमचा तिसरा ठोका घाई करतो, हिचा दुसरा रेंगाळतो. हा हात तुमचा नाही."

वाल्देमारला रेषा वाचता येत नव्हत्या. त्यानं बाईंना यामिलाचे ठोके परत ऐकवायला लावले. मघाशी रागाच्या भरात त्यानं फक्त आकडा बघितला होता. आता डोळे मिटून ऐकलं. दुसरा ठोका उंबऱ्यावर जरा थबकून मग आत येत होता. हा हात त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. अन्सिना गल्लीचा नेमेसिओ असा वाजवायचा. नेमेसिओ त्याचा सासरा. ऐन तारुण्यात दोन पथकं रस्त्यात समोरासमोर आली, तेव्हा याच हातानं वाल्देमारला सगळ्यांदेखत पाणी पाजलं होतं. पण नेमेसिओला जाऊन तीस वर्षं झाली होती, आणि यामिला तेरा वर्षांची.

"कुणी शिकवलं तुला?" त्यानं विचारलं.

यामिलाची नजर ओट्याकडे गेली.

"पोरीला कशाला दमात घेतोस?" ओफेलिया हात पुसत म्हणाली. "तू तालमीला गेलास की आम्ही दोघी या टेबलाशी बसतो. ऊठ."

ती त्याच्या खुर्चीत बसली आणि तिनं कळेवर बोट ठेवलं. मिनिटभर स्वयंपाकघरात दुसरा आवाज नव्हता. वाल्देमारला फार वाईट वाटलं. कशाचं, ते त्याला सांगता आलं नसतं. चव्वेचाळीस वर्षं ती पथकापुढे त्याच्या ढोलावर नाचत आली होती, आणि गल्लीत सगळे म्हणायचे, वाल्देमार वाजवतो म्हणून ओफेलियाचं पाऊल चुकत नाही. तोही तेच म्हणायचा.

"तंतोतंत यामिलाची रेषा!" बाई ओरडल्या. त्यांच्यासमोर आता चेहरे नव्हते, फक्त रेषा होत्या, आणि स्वयंपाकघरातलं बोलणं त्यांच्या कानावर गेलंच नव्हतं. "आणि तिघांत सगळ्यात पक्की. कोण गृहस्थ आहेत हे?"

"माझी बायको," वाल्देमार म्हणाला. "ती नाचते."

"तुझा तिसरा ठोका घाई करतो, हे मला बाईंनी सांगायला नको, म्हाताऱ्या," ओफेलिया म्हणाली. "चव्वेचाळीस वर्षं तो मी पायांनी सांभाळून घेतेय."