कोल्हिणींसाठी शांतता

चर्चच्या घंटेला मर्डॉक गोणपाट बांधत होता आणि पाद्रीबाबा खाली शिडी धरून उभे होते. कोणी हसलं नाही. आमच्या बेटावर त्या वर्षांत कातड्यासाठी पाळलेल्या रुपेरी कोल्ह्यांपुढे देवाचंही फारसं चालत नसे. अर्ध्या गावाची मर्डॉकच्या कोल्ह्यांत भागी होती, आणि कोल्हिणी व्यायचे दिवस होते.

व्यालेली कोल्हीण भेदरली की तिचं दूध आटतं. मग ती पिल्लू तोंडात धरून जाळीच्या कडेकडेने फिरत राहते, लपवायला जागा शोधते. जागा मिळत नाही. शेवटी ती ते पिल्लू खाऊन टाकते आणि दुसरं आणायला विणीच्या लाकडी खोक्यात शिरते. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. म्हणून एप्रिल लागला की कोल्ह्यांच्या आवारात परक्या माणसाने जायचं नाही, जवळपास बंदूक उडवायची नाही, घोडागाडी हळू हाकायची, असा रिवाज होता.

मर्डॉकचं तेवढ्यावर भागेना. आधीच्या दोन्ही वर्षांच्या विणी वाया गेल्या होत्या. त्याने स्वतःचा म्हातारा कुत्रा बहिणीकडे पोचवला. कोंबडे कापले. लोहाराच्या हातापाया पडून त्याचा ऐरणीवरचा हातोडा बंद ठेवायला लावला. रस्त्यावर पेंढा अंथरला. पोरांना खेळायला पार किनाऱ्यावर पिटाळलं. बायकाही कुंपणाआडून कुजबुजायला लागल्या. गाव इतकं गप्प झालं की छपरावरचं बर्फ वितळून टपकायचं, तेसुद्धा ऐकू यायचं. मला विचाराल तर ती शांतता काही बरी नव्हती. अंगावर यायची.

आणि पिल्लं मरतच होती. आधीपेक्षा जास्त.

मर्डॉक वाईट माणूस नव्हता, हे सांगायलाच हवं. जनावरावर त्याने कधी हात उगारला नाही. तो नुसता घाबरलेला होता. दिवसभर मचाणावर बसून दुर्बीण लावायचा. राहवलं नाही की खाली उतरायचा, बुटांवर लोकरीचे मोजे चढवून एकेका खोक्यापाशी जायचा, आणि श्वास रोखून फळीला कान लावायचा. आत पिल्लं चुळबुळताहेत ना, एवढंच त्याला बघायचं असायचं. मग घरी येऊन तो माडीवर तेच करायचा. त्याची बायको एफी पोटुशी होती. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती, म्हणून या खेपेला त्याने तिला पडदे ओढून खोलीत निजवून ठेवलं होतं. तो दाराबाहेर उभा राहून तिची चाहूल घ्यायचा. ती काय करणार बिचारी, पडून राहायची.

अखेर एकच कोल्हीण पिल्लांसकट उरली. ओढ्यापलीकडे जेरोम गोदेची लाकूड कापायची गिरणी होती, आणि वारा फिरला की तिचा चरचराट अजून इकडे यायचा. मर्डॉक तावातावाने तिकडे गेला. जेरोमच्या कोल्ह्यांचे जाळीचे वाडे गिरणीच्या भिंतीलाच लागून होते. करवत किंचाळत होती, पोरं भांडत होती, जेरोमची बायको डबा बडवून कोंबड्यांना बोलावत होती, आणि एक कोल्हीण खुशाल उन्हात पसरून पिल्लांना पाजत होती. यांना काय घालतोस, कुठली जादू करतोस, असं मर्डॉकने विचारलं. घोड्याचं मांस आणि माझ्या बायकोच्या शिव्या, जेरोम म्हणाला.

मर्डॉक अगदी रडकुंडीला आला, तेव्हा जेरोम त्याच्याबरोबर निघाला. परका माणूस नको हा नियम मोडून मर्डॉकने त्याला आवारात घेतलं. जेरोम फाटकाशीच थांबला. जरा वेळ त्याने कानोसा घेतला आणि मर्डॉकला म्हणाला, तू हो पुढे, रोज जातोस तसा जा. मर्डॉक मोजे चढवलेल्या बुटांनी चालू लागला. तो दिसायच्याही आधी एकेका वाड्यातली कोल्हीण जागच्या जागी थिजत गेली. कान सगळ्यांचे त्याच्याकडे. शेवटच्या खोक्यातून पिल्लांची बारीक कुईकुई येत होती, ती बंद झाली.

जेरोमचा चेहरा उतरला. "गावातले सगळे आवाज तू बंद केलेस, मर्डॉक," तो म्हणाला. "आता त्यांना ऐकायला तू एकटाच उरलायस. आणि असं दबक्या पावलांनी कोण येतं, हे जनावराला कळतं."

मर्डॉकच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याने जेरोमला फाटकाबाहेर काढलं आणि तडक घरात आला. जिना चढून थेट खोलीत शिरला. एफी उशीला टेकून बसली होती, दोन्ही हात पोटावर ठेवून. त्याने तिला सगळं सांगितलं, जेरोमची नक्कल करून, हसत हसत. तो टोणगा मला शिकवतोय, म्हणाला. म्हणे कोल्हिणी मला भितात. ज्याने त्यांच्यासाठी गावाचं तोंड बांधलं, त्याला भितात म्हणे.

एफी हसली नाही. ओढलेल्या पडद्याकडे बघत राहिली. तिचा जीव होता त्याच्यावर, म्हणून तर इतके महिने तिने हे गिळलं होतं. पण आता तिचे दिवस भरत आले होते, आणि हे बाळ तिला जायला नको होतं.

"मलाही ऐकू येतोस तू," ती म्हणाली. "तू दाराबाहेर श्वास रोखलास की पोटातलं बाळ हलायचं थांबतं."