भांडणाचा तास

"तुमच्या शिव्या ऐकून मासळीवाला हसला, तर तुम्ही पास," असं म्हणून प्रोद्रोमोस मास्तरांनी नाट्यशाळेची नऊ मुलं अथेन्सच्या मासळीबाजारात सोडली. "अडीच हजार वर्षांपूर्वीचे विनोदी नट अस्सेच भांडायचे. पुस्तकं पिशवीत घाला. जा, भांडा!"

अग्लाया जागची हलेना. शोकांतिकेत तिचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं. नाटकातल्या मेलेल्या भावासाठी ती असा टाहो फोडायची की मास्तरांनाही चष्मा पुसावा लागे. पण विनोदी नाटक हातात आलं की तिची जीभ टाळूला चिकटायची. आज जमलं नाही तर वर्ष वाया, हे मास्तरांनी सकाळीच बजावलं होतं.

पण ती थबकली होती ती वेगळ्याच कारणाने. तिसऱ्या रांगेत, बांगडा मासळीच्या ढिगामागे, रबरी बूट घालून तिची आई झाबेता उभी होती. आणि वर्गात तिने सांगून ठेवलं होतं की आई दूर बेटावरच्या शाळेत शिकवते.

"अग्लाया, तुझी पाळी! ती बघ, ती बाई चांगली खमकी दिसतेय." मास्तरांनी नेमकं तिकडेच बोट केलं.

झाबेताने मान वर केली. लेक पाहिली, लेकीमागची मुलं पाहिली. मग फडक्याला हात पुसत परक्या सुरात म्हणाली, "बोला बाई, काय देऊ?"

अग्लायाच्या ध्यानात आलं, आई तिची लाज राखत होती.

"हे बांगडे... ताजे आहेत का?"

"मोठ्याने!" मागून मास्तर ओरडले.

"ताजे म्हणे! डोळे बघा यांचे! माझ्या आजीच्या लग्नाला जाऊन आलेले दिसतात!"

"गेले होतेच की!" झाबेताने कमरेवर हात ठेवले. "तुझी आजी बघून नवरदेव पळाला, त्याच्या मागोमाग हेही पळाले!"

शेजारचा कोळंबीवाला खो खो हसला. माणसं थांबू लागली. अग्लायाने बाह्या वर सारल्या. तिची जीभ सुटली होती.

"आणि हा ऑक्टोपस? आठ पाय असून बिचाऱ्याला इथून पळता आलं नाही! तुमचं तोंड बघूनच गार झाला असणार!"

"आठ पाय असून माझ्यापाशी राहिला तो!" झाबेता गरजली. "नाहीतर ही दोन पायांची कार्टी..."

ती एकदम थांबली आणि वजनकाट्याकडे वळून उगाचच त्यावरचा बर्फ झाडू लागली.

लोक हसतच होते. मास्तर तर टाळ्या पिटत होते. "पास! पोरी, तू पास! कुठे दडवलं होतंस हे?"

अग्लाया वळसा घालून गाळ्यामागे गेली, खिळ्यावरचा दुसरा एप्रन काढला आणि कमरेला करकचून बांधला.

"आई, सरक जरा."

हसणं विरलं. "पण हिची आई तर शाळेत..." वर्गातला स्त्रातोस पुटपुटला. मास्तरांनी त्याच्या दंडाला चिमटा काढला.

अग्लायाने छाती भरून श्वास घेतला आणि अशी हाक दिली की पार टोकाची गिऱ्हाइकंसुद्धा वळली.

"बांगडेऽऽ! झाबेताचे बांगडेऽऽ, झाबेताच्या लेकीच्या हातचे! जिवंत नाहीत एवढंच, बाकी तक्रार नाही!"

"कसे दिले गं?" एका म्हातारीने झाबेताला विचारलं.

झाबेताच्या हातात बांगडा होता, समोर गिऱ्हाईक होतं, आणि तिला भाव आठवेना.