दरडीतली दोन अंडी

शृंगी घुबडाचं घरटं शोधण्यात वनरक्षक मडावींची अकरा वर्षं गेली होती. नव्यानं आलेल्या अभ्यासक केतकीला ते दोन महिन्यांत सापडलं. ओढ्याच्या दरडीत, उघड्या मातीवर दोन अंडी! साहेबांनी तिची पाठ थोपटली, तेव्हा मडावींच्या पोटात दुखलं.

दुसऱ्या सकाळी ते एकटेच दरडीवर चढले. मादीला हुसकावलं की अंडी उन्हात वाया जाणार, केतकीचं कौतुकही संपणार. त्यांनी काठी उगारली. मादीनं पंख पसरून अंग फुगवलं, चोच कटकट वाजवली, पण ती अंड्यांवरून हलली नाही. शेवटी त्यांचाच हात खाली आला.

"काका, घरट्याजवळ कुणाच्या तरी बुटांचे ठसे आहेत," संध्याकाळी केतकी म्हणाली.

"माझेच, पोरी. तुझा हेवा वाटला. पिल्लं उडेपर्यंत मला तिकडे फिरकू देऊ नकोस."